देशभर मंदी असताना छोटे गाव स्वतःच्या बळावर काही करू शकते का?

मूळ लेख

मंदीची चर्चा बहुधा देशाच्या पातळीवर सुरू होते आणि तिथेच संपते. विकासदर किती घसरला, मध्यवर्ती बँकेने व्याजदर किती उतरवले, अर्थसंकल्पात किती तरतूद झाली, यापुढे ती फारशी सरकत नाही. पण देशाची सरासरी दोन टक्क्यांनी खाली येते, तेव्हा प्रत्येक गाव दोनच टक्क्यांनी खाली येत नाही. ज्या गावाची बहुतेक मिळकत एकाच कारखान्यावर आहे, तिथे एक पाळी बंद झाली की कामगाराची दुकानातली उधारी थकते, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे देणे पुढे ढकलतो, घरपट्टीची वसुली रोडावते, म्हणून पालिका ठेकेदाराचे बिल अडवून धरते आणि ठेकेदार मजुरांना घरी बसवतो. या साखळीतला प्रत्येक जण कोणाचा तरी देणेकरी असतो आणि त्याच वेळी कोणाचा तरी धनकोही असतो.

माझे म्हणणे असे आहे की, अशा वेळी गावाने केवळ वरून येणाऱ्या मदतीची वाट पाहू नये. काम करू शकणारे हात गावात असतात आणि करण्याजोगी कामेही पडून असतात. पैसा तेवढा धास्तीने जागच्या जागी थांबलेला असतो. तो हलता करणे काही अंशी तरी स्थानिक संस्थेच्या आवाक्यातले आहे.

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतातील व्योर्ग्ल या सुमारे चार हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. 1931 मध्ये क्रेडिटआन्श्टाल्ट ही त्या देशातली सर्वांत मोठी बँक कोसळली आणि पुढच्या वर्षी या रेल्वे जंक्शनच्या गावातही बेकारी आणि करांची थकबाकी साचत गेली. नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर हे स्वतः रेल्वेतले यांत्रिक कामगार होते आणि पैसा साठवून ठेवला तर त्याची किंमत घटत जावी, असे मानणाऱ्या सिल्व्हियो गेझेल या विचारवंताच्या मतांचा त्यांच्यावर प्रभाव होता. जुलै 1932 मध्ये त्यांनी पालिकेतर्फे 1, 5 आणि 10 शिलिंगांच्या (शिलिंग हे तेव्हाचे ऑस्ट्रियाचे चलन) ‘कामाच्या पावत्या’ काढल्या आणि तेवढ्याच रकमेचे खरे शिलिंग स्थानिक पतपेढीत ठेव म्हणून ठेवले. रस्ते आणि पुलाच्या कामावरील मजुरांना मजुरी या पावत्यांमध्ये मिळू लागली.

त्यातली खुबी पावतीवरच्या चौकटींमध्ये होती. दर महिन्याला पावतीच्या किमतीच्या एक टक्का रकमेचे तिकीट विकत घेऊन एका चौकटीत चिकटवले, तरच ती पूर्ण किमतीला चाले. महिनाअखेरीस पावती ज्याच्या हाती, तिकिटाचा भुर्दंड त्याच्यावर. म्हणून कोणीही ती घरात ठेवायला तयार नव्हते. दुकानदारांनी त्या पावत्यांनी जुने कर भरले, काहींनी तर पुढचे करही आगाऊ भरले, आणि तीच पावती पालिकेने पुन्हा मजुरीत दिली. शेवटी नोटा काढण्याचा अधिकार केवळ आपलाच असल्याचा आग्रह ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने धरला आणि सप्टेंबर 1933 मध्ये हा प्रयोग बंद पडला. तो अपयशी ठरला म्हणून थांबला नव्हता, हे मला येथे ठळकपणे नोंदवायचे आहे.

प्रतिसाद १

आपली तळमळ पटते, परंतु निष्कर्ष पटत नाही. व्योर्ग्लची गोष्ट सांगताना त्या पावत्यांच्या मागे खरे शिलिंग ठेवलेले होते, हे आपणच लिहिले आहे. दोन टक्के कपात सोसून त्या शिलिंगमध्ये बदलूनही मिळत. म्हणजे पावत्यांवर जो विश्वास होता, तो राष्ट्रीय चलनाकडून उसना घेतलेला होता. ज्या पालिकेची तिजोरी रिकामी आहे, तिने अशी ठेव आणायची कुठून?

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. रिचर्ड कान यांनी 1931 मध्ये मांडलेली आणि केन्स यांनी पुढे विस्तारलेली गुणकाची कल्पना अशी की, खर्च झालेला प्रत्येक रुपया कोणाचे तरी उत्पन्न बनतो आणि त्यातला काही भाग पुन्हा खर्च होतो. मात्र दर फेरीला जो भाग बाहेर निसटतो, त्यावर ही साखळी किती लांबेल हे ठरते. देश मोठा असेल तर निसटणारा भाग मर्यादित राहतो. छोट्या गावात औषधे, इंधन, कापड, यंत्रांचे सुटे भाग असे जवळजवळ सगळेच बाहेरून येते, म्हणून पालिकेने घातलेला पैसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातच गावाची वेस ओलांडतो. बेकारी भत्ता, कामाचे तास कमी करून नोकरी टिकवणारे अनुदान आणि स्थानिक संस्थांना थेट साहाय्य ही हत्यारे केंद्राकडेच असतात, कारण तूट सोसण्याची ताकद त्याच्याकडेच असते. 2009 मध्ये जर्मनीने कमी तासांच्या कामाला भत्ता दिला, तेव्हा ऐन भरात सुमारे 15 लाख कामगार त्या योजनेखाली होते आणि त्यांचे कारखान्याशी असलेले नाते तुटले नाही. हे कोणत्याही एका गावाला जमले असते का?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला माझे अनुमोदन आहे. त्यात एका धोक्याची भर घालतो. ‘आपला पैसा आपल्याच गावात’ हा विचार एका गावाने केला तर त्याचा लाभ होईल, पण शेजारच्या दहा गावांनीही तोच केला तर सगळ्यांचीच विक्री घटेल. 1930 मध्ये अमेरिकेने आयातशुल्काच्या भिंती उंच केल्या, इतर देशांनी तसेच प्रत्युत्तर दिले आणि आधीच घसरणाऱ्या जागतिक व्यापाराला आणखी मार बसला. गावाच्या पातळीवर ही चूक लहान दिसते, पण तिचा स्वभाव तोच असतो. शिवाय ज्या गावाचे सारे भवितव्य आधीच एका धंद्याला बांधलेले आहे, तिथल्या माणसांनी आपली बचतही त्याच गावात गुंतवावी, हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

प्रतिसाद ३

चर्चा चलनावर अडकली आहे, म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडते. ऑस्ट्रियातच, व्हिएन्नापासून जवळ, मारिएन्टाल नावाची वसाहत होती आणि तिथला कापडाचा कारखाना 1930 च्या सुमारास बंद पडला. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या पावणेपाचशेच्या आसपास कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. तीन-चतुर्थांशाहून अधिक कुटुंबांत एकही माणूस कामावर नव्हता.

लोकांकडे वेळ भरपूर होता आणि वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरीही पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. संशोधकांनी आडोशाला राहून मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग टिपला. पुरुष संथ चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. स्त्रियांची चाल त्यांच्यापेक्षा बरीच वेगवान होती, कारण घरकाम आणि मुले त्यांना सुटलेली नव्हती. बेकारी भत्ता मिळत होता, मुदत संपेपर्यंत तरी. त्याने चूल पेटत होती. दिवसाचा आकार मात्र मोडून गेला होता.

म्हणून मला प्रतिसाद १ मधील एक गृहीतक खटकते. केंद्राने पैसा पाठवला की गावाचा प्रश्न सुटला, असे त्यात ध्वनित होते. पैसा आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु सकाळी उठून कुठे जायचे, कोणाबरोबर काय करायचे, याचे उत्तर राजधानीतून येत नाही. ते गावातच उभे करावे लागते आणि त्यासाठी कामे निवडणारी, हजेरी घेणारी, वेळेवर मजुरी देणारी स्थानिक यंत्रणा जिवंत असावी लागते.

प्रतिसाद ४

एवढा खटाटोप करण्यापेक्षा लोकांनी काम असेल तिथे जावे, हा सरळ उपाय कोणी मांडलेला नाही. ओलिव्हिए ब्लँशार आणि लॉरेन्स काट्झ यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास करून दाखवले की, एखाद्या राज्याला आर्थिक फटका बसला तर काही वर्षांत तिथला बेकारीचा दर पूर्वपदाला येतो, आणि तो नव्या नोकऱ्या आल्याने येतो त्यापेक्षा माणसे निघून गेल्याने येतो. कटू असले तरी हेच वास्तव आहे.

प्रतिसाद ५

त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धाही सांगायला हवा: दर पूर्वपदाला आला, पण रोजगाराची एकूण संख्या आधीच्या वाटेवर परतली नाही. म्हणजे जे सावरले ते राज्य आकाराने लहान होऊन सावरले. त्यानंतरच्या काळाबद्दल ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी 2013 मध्ये चिनी आयातीचा फटका बसलेल्या अमेरिकी भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकसंख्येत फारसा बदल न होता तिथे रोजगार घटला आणि सरकारी साहाय्यावरचा खर्च वाढला, असे त्यात आढळले. जाऊ शकणारे तरुण आणि शिकलेले असतात. घराचे कर्ज, आजारी आईवडील किंवा पन्नाशीचे वय ज्याच्यापाशी आहे, तो मागे राहतो. शिवाय मंदी देशभर असेल तर जायचे कुठे? एका प्रांताचे दुखणे आणि साऱ्या देशाची मंदी यांत हाच तर फरक आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे आभार. मदतीचा मोठा भार केंद्रानेच उचलला पाहिजे, याबद्दल प्रतिसाद १ शी माझा वाद नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, केंद्राचा पैसा येईपर्यंतचे सहा-आठ महिने आणि तो आल्यावर खर्च होण्याची रीत, या दोन्ही गोष्टी गावावर अवलंबून असतात. फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेने 787 अब्ज डॉलरचा कायदा केला. त्यातला बांधकामांचा पैसा कामे तयार असतील तिथेच लवकर लागणार होता. ज्या गावाने दुरुस्तीच्या कामांची अंदाजपत्रके आधीच करून ठेवली आहेत, त्याला त्याचा लाभ अगोदर मिळतो.

निसटणाऱ्या पैशाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच मजुरीप्रधान कामे निवडावीत, असे मला वाटते: गटारांची सफाई, रस्त्यांची डागडुजी, शाळेच्या इमारतीची दुरुस्ती. यांत खर्चाचा मोठा भाग गावातल्याच माणसांच्या हाती जातो. नवीन यंत्रसामग्री खरेदी केली तर तोच पैसा पहिल्याच फेरीत बाहेर जातो.

प्रतिसाद २ मधील भीती मात्र मला येथे लागू होते असे वाटत नाही. बाहेरचा माल अडवा, असे मी म्हटलेले नाही. अडून बसलेली देणी मोकळी करणे म्हणजे शेजाऱ्याची विक्री हिरावणे नव्हे. व्योर्ग्लमध्ये थकलेला कर भरला गेला आणि त्यातून झालेले काम पूर्वी होतच नव्हते.

प्रतिसाद ६

चलनापेक्षा सोपा मार्ग आहे, तो स्वित्झर्लंडमध्ये पाहता येतो. 1934 मध्ये तिथल्या छोट्या उद्योजकांनी ‘वीर’ नावाचे मंडळ स्थापन केले. सभासद एकमेकांना माल आणि सेवा देतात, त्याची नोंद खात्यावर होते आणि रोख पैसा न देता देणे-घेणे वळते होते. मूल्य स्विस फ्रँकइतकेच धरले जाते. गेझेल यांच्या विचारातून आलेली, साठवलेल्या रकमेचे मूल्य घटत जाण्याची अट त्यांनी पुढे सोडून दिली, पण संस्था आजही बँक म्हणून चालू आहे. जेम्स स्टॉडर यांच्या अभ्यासात असे दिसले की, अर्थव्यवस्था मंदावते तेव्हा या मंडळातली उलाढाल वाढते आणि तेजीत ती उतरते.

याउलट अमेरिकेत आयोवा राज्यातल्या हॉवर्डन गावाने 1932 मध्ये काढलेल्या पावत्यांवर दर महिन्याला नव्हे, तर दर व्यवहाराला तिकीट लावायचे होते. साहजिकच जो खर्च करील तोच भुर्दंड सोसेल, आणि पावती जपून ठेवणारा सुटेल. कल्पना एकच असली तरी नियमाच्या एका ओळीने परिणाम उलटा होतो, तेव्हा व्योर्ग्लचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत.

प्रतिसाद १ यांचे पुन्हा

वीर मंडळाचे उदाहरण मला व्योर्ग्लपेक्षा अधिक पटते, कारण त्यात पालिकेची पत पणाला लागत नाही. परंतु तिथेही सभासद दिवाळखोरीत निघाला तर त्याचे उणे खाते कोण भरणार, हा प्रश्न उरतो. तारण आणि मर्यादा नसतील तर मंदीत सर्वांत दुबळा व्यापारीच सर्वांत जास्त उधारी उचलेल. एकाच कारखान्यावर जगणाऱ्या गावात तर सगळेच सभासद एकदम दुबळे होतात. असे मंडळ एका गावापुरते न ठेवता वेगवेगळ्या धंद्यांच्या अनेक गावांचे असावे, एवढी अट मान्य असेल तर माझा विरोध पालिकेच्या पावत्यांपुरताच राहील.

मूळ लेखकाचे उत्तर

ती अट मला मान्य आहे. पालिकेपुरते बोलायचे तर पावत्यांच्याही आधी एक गोष्ट करता येते आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही: तिजोरीत जे काही आहे, त्यातून लहान ठेकेदारांची आणि पुरवठादारांची थकलेली बिले आधी चुकती करावीत, मोठ्यांची नंतर. मोठ्या ठेकेदाराला बँक उभी करते. लहान ठेकेदाराचे बिल तीन महिने अडले तर त्याच्याकडच्या मजुरांची रोजी त्याच आठवड्यात बुडते.