पाच बाय अडीच फुटांवर भोर घाट: काटो, मेर्कलिन की हॉर्नबी?

खंडाळा_बँकर (ठाणे):
नमस्कार. अनेक वर्षे मनात असलेला मॉडेल रेल्वेचा छंद आता सुरू करण्याचे ठरवले आहे. घरात पाच फूट लांब व अडीच फूट रुंद प्लायवूडचे टेबल ठेवता येईल. त्याहून अधिक जागा मिळण्याची शक्यता नाही. एक लंबगोल मार्ग, एक सांधा (गाडी दुसऱ्या रुळावर वळवण्याची जागा) आणि लहानसा घाट एवढीच अपेक्षा आहे. नऊ वर्षांची मुलगीही गाडी हाताळणार आहे. तीन जाणकारांना विचारले, तेव्हा एकाने काटो, दुसऱ्याने मेर्कलिन आणि तिसऱ्याने हॉर्नबी सुचवली. पहिला संच कोणाचा घ्यावा, आणि पुढे दुसऱ्या कंपनीचे डबे त्यावर चालवता येतात का?

नऊ_मिलिमीटर (पुणे):
आधी टेबल मोजा, म्हणजे अर्धा निर्णय तिथेच होतो. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. हॉर्नबीच्या ओओ (१:७६ मापाच्या) रुळांचे सर्वांत लहान वळण ३७१ मिमी त्रिज्येचे आहे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या रुळांच्या मध्यरेषांतच ७४२ मिमी अंतर पडते, आणि डब्यांची रुंदी धरली की गाडी टेबलाबाहेर लोंबते. मेर्कलिनच्या एचओ (१:८७) मापातील सी-रुळांचे लहान वळण ३६० मिमीचे आणि रुळांचा पाया ४० मिमी रुंद, तेव्हा एकूण ७६० मिमी. कागदावर हे बसते, परंतु काठाला एकेक मिलिमीटरच उरतो आणि घसरलेले इंजिन थेट फरशीवर पडते. काटोच्या एन मापात (रुळांमधले अंतर ९ मिमी) २८२ मिमीचे वळण मिळते. पाया धरून साधारण ५९० मिमी जागा लागते आणि डोंगर, बोगदा यांच्यासाठी सतरा सेंटिमीटर शिल्लक राहतात.

घाटाचाही हिशेब करावा. खऱ्या भोर घाटात चढ १:३७ आहे. एन मापात एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी सुमारे ५ सेंमी उंची लागते, म्हणजे या चढाने १.८५ मीटर लांबी हवी. आपला लंबगोल सव्वातीन मीटरच्या आसपास भरेल. अर्धा चढायला आणि अर्धा उतरायला ठेवला, तर चढ १:३३ च्या जवळ जातो, आणि तो पेलतो. एचओ मापात उंची ८ सेंमी धरावी लागते आणि तोच चढ १:२४ होतो. तिथे लांब गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावण्याची वेळ येईल, जी आपल्या टोपणनावाला शोभेलही!

काटोचे युनिट्रॅक रूळ पायासकट येतात व त्यांचे जोड पक्के बसतात. दररोज मांडून आवरून ठेवायचे असेल, तर माझ्या मते याला तोड नाही. टोमिक्स या दुसऱ्या कंपनीचे रूळही चांगले आहेत, पण त्यांचा जोड निराळा असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ टाळावी.

ग्योपिंगेनचा_शेजारी (स्टुटगार्ट):
वरील हिशेब बिनचूक आहे, मात्र त्यात मुलीचे हात विसरले गेले. पंधरा मीटरचे इंजिन एनमध्ये जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरचे होते, तर एचओमध्ये सतरा सेंटिमीटरचे. लहान मुलांना एनची चाके रुळावर बसवता येत नाहीत, आणि पन्नाशीनंतर आपल्यालाही येत नाहीत.

मेर्कलिन १८५९ पासून जर्मनीतील ग्योपिंगेनमध्ये आहे. तिची पद्धत वेगळी: दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात आणि वीज मधल्या बारीक खुंट्यांवरून इंजिनाखालच्या लांब पट्टीने उचलली जाते. त्यामुळे गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट दिशेने परतली, तरी शॉर्टसर्किट होत नाही. दुरुळी पद्धतीत (दोन रूळ दोन वेगळ्या ध्रुवांचे) मात्र अशा वळशासाठी स्वतंत्र जोडणी करावी लागते. याची किंमत अशी की मेर्कलिनच्या डब्यांची दोन्ही बाजूंची चाके विद्युतदृष्ट्या जोडलेली असतात आणि दुरुळी मार्गावर ठेवताच शॉर्ट करतात. ज्यांना त्याच कारखान्याचा दर्जा दुरुळी पद्धतीत हवा असेल, त्यांनी त्याच समूहातील ट्रिक्स पाहावी. रोको आणि पिको यांचेही दुरुळी डबे मिळतात. आपल्या टेबलासाठी तरीही मी मेर्कलिन सुचवणार नाही. टेबल चार फूट रुंद झाले, तर बोलू.

कसारा_लोकल (नाशिक):
हॉर्नबीचे डबे देखणे असतात. परंतु ओओमध्ये गाडी १:७६ ची आणि रूळ १६.५ मिमीचे, म्हणजे गाडीच्या मानाने रूळ अरुंद. आपल्याकडचे १६७६ मिमीचे ब्रॉडगेज १:८७ ला १९.२६ मिमी भरते, पण तयार एचओ रूळ १६.५ मिमीचेच असतात. तेव्हा भारतीय गाडी करायची, तर हा खोटेपणा गृहीत धरावा. गंमत म्हणजे मेर्कलिनच्या यादीतली स्विस 'क्रोकोडाइल' आपल्या 'खेकड्या'ची, म्हणजे एकेकाळी घाटात मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ इंजिनाची, नात्यातली आहे. दोन्हींच्या बांधणीत विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याचा हात होता. घाट करणार असाल, तर शेल्फवर ठेवण्यापुरती तरी ती घ्या.

खंडाळा_बँकर (ठाणे):
सर्वांचे आभार. एन माप आणि काटो असे निश्चित करत आहे. मुलीसाठी रुळावर चढवणारी उतरती पट्टीही घेईन. संच जपानहून नातेवाईक आणणार आहेत. आणखी काही सांभाळावे लागेल का?

नऊ_मिलिमीटर (पुणे):
दोन गोष्टी. जपानी बाजारातील कंट्रोलर १०० व्होल्टवर चालतो. माझा पहिला कंट्रोलर मी उत्साहाच्या भरात थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला होता. दिवा क्षणभर तेजाने लागला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि रविवार संपला. २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणून ठेवा आणि संच उघडण्यापूर्वी कंट्रोलरच्या पाठीवरचा आकडा वाचा. दुसरे म्हणजे कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी: मागवताना डब्यांना रॅपिडो आहे की नकल, हे विचारून घ्या. ही दोन एकमेकांत अडकत नाहीत, आणि एकाच गाडीत दोन्ही आली, तर मध्ये दोन प्रकारच्या कपलिंगचा एक डबा ठेवावा लागतो.