हिमालयाखालच्या प्रावरणाचा तांबडा-निळा छेद कशावरून काढतात?

लोलक
परवा एका व्याख्यानात हिमालय-तिबेटचा उभा छेद पाहिला. गंगेच्या मैदानापासून पार उत्तर तिबेटपर्यंत, खोली 400 किमी. दक्षिणेकडून एक निळा पट्टा तिबेटच्या पोटात शिरलेला, ती म्हणे भारतीय प्लेट. उत्तरेला तांबडा डाग, तिथलं प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) म्हणे तापलेलं. प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही, म्हणून इथे विचारतो.

माझं काम वेल्डच्या अल्ट्रासोनिक तपासणीचं. प्रोब माझ्या हातात, पल्स केव्हा सोडला ते मला ठाऊक, पत्र्याची जाडीही ठाऊक. इथे यातलं काहीच हातात नाही. भूकंप स्वतःच्या मर्जीने होणार, तोही भलतीकडे. माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोलाचं, 12 किमीच्या जरासं पुढे. तिबेटचं कवचच 70 किमी जाड. मग 'तापलेलं' हे कोणी आणि कशाने मोजलं?

सांजवात
निळं थंड, तांबडं गरम. सीटी स्कॅनच आहे तो, फक्त क्ष-किरणांऐवजी भूकंपलहरी.

उत्तरमुखी
सांजवात, सीटी स्कॅनमध्ये किरण चहूबाजूंनी जातात. इथे ते जवळजवळ सगळे खालूनच वर येतात आणि भानगड तिथूनच सुरू होते.

लोलक, आधी रंगाचं. रंग तापमानाचा नसतो, वेगाचा असतो. लहर जिथे वेगाने जाते ते निळं, जिथे रेंगाळते ते तांबडं. फरक बहुतेक ठिकाणी टक्का-दोन टक्क्यांचा. रंगच तेवढे भडक असतात.

पल्स केव्हा सुटला, ही तुमची अडचण खरी, पण ती सुटते. समजा जपानमध्ये किंवा इंडोनेशियात मोठा भूकंप झाला. त्याची पी लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी भूकंपलहर, पृथ्वीच्या पोटातून वळून तिबेटखाली बऱ्यापैकी उभी वर येते. प्रत्येक भूकंपमापन स्थानकावर ती केव्हा पोचायला हवी ते गणिताने काढायचं आणि प्रत्यक्ष पोचली त्या वेळेतून वजा करायचं. भूकंपाच्या वेळेत सेकंदभराची चूक असली तरी ती सगळ्या स्थानकांना सारखीच लागते, त्यामुळे सरासरी वजा केली की ती गेली. उरतं एवढंच, की या स्थानकाला शेजारच्यापेक्षा किती उशीर झाला. मात्र यात शून्य म्हणजे त्या प्रदेशाची स्वतःची सरासरी. सगळा प्रदेशच मंद असला तरी चित्रात कुठेतरी निळं दिसणारच. व्याख्यानांत हे क्वचितच सांगतात आणि मला त्याचा राग येतो.

आता उशीर किती ते बघा. 200 किमी जाडीचं प्रावरण दोन टक्क्यांनी मंद असेल तर पी लहरीला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतो. कवचात पी लहरीचा वेग सेकंदाला सहा-साडेसहा किमी, त्याखाली आठ किमी. म्हणजे कवच 35 ऐवजी 70 किमी असलं की नुसत्या त्यानेच सव्वा सेकंदाच्या आसपास उशीर होतो. कवचाची जाडी नीट वजा केली नाही, तर प्रावरणाच्या नावाखाली आपण कवचच रंगवत बसू.

ती जाडी वेगळ्या मार्गाने काढतात. कवच आणि प्रावरण यांच्यातली सीमा म्हणजे मोहो, 1909 साली झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींतून मोहोरोविचिच यांना सापडलेली. वर येणाऱ्या पी लहरीचा थोडा भाग या सीमेवर एस लहर, म्हणजे दुसऱ्या प्रकारची भूकंपलहर, होतो, आणि एस मंद असल्याने मागे पडतो. नेहमीच्या खंडीय कवचात तो चार-पाच सेकंदांनी मागून येतो, तिबेटमध्ये आठ-नऊ सेकंदांनी. मला विचाराल तर रंगीत छेदापेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा. हाय-क्लाइंब प्रकल्पात 2002 ते 2005 दरम्यान नेपाळपासून तिबेटमध्ये आतपर्यंत स्थानकांची रांग लावली होती. तिच्यातून भारतीय प्लेट 31 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासपर्यंत आडवी सरकलेली दिसली.

मी हिमालयात अशी स्थानकं सांभाळली आहेत, दुसऱ्या एका प्रकल्पात. खड्डा, सिमेंटचा ओटा, त्यावर सेन्सर, ऊनथंडी लागू नये म्हणून भोवती थर्माकोल, वर सोलर पॅनेल आणि जीपीएसचा अँटेना. अर्ध्या सेकंदाचा हिशेब करायचा तर घड्याळ मिलिसेकंदांत बरोबर हवं. अँटेना बर्फाखाली गेला की घड्याळ हळूहळू सरकू लागतं, आणि आलेख मात्र अगदी देखणा येत राहतो! म्हणून स्थानकावर पोचलो की मी आधी घड्याळाची नोंद बघायचो, भूकंप नंतर.

अवांतर: पावसाळ्यात नदीकाठची स्थानकं नुसती खडखडत असतात. पुराचं पाणी तळाचे गोटे गडगडवत नेतं, ते सगळं नोंदलं जातं. हाय-क्लाइंबच्या त्रिशूली नदीकाठच्या नोंदींवरून तर नदी गोटे कधी आणि कसे वाहून नेते याचाच अभ्यास झाला.

लोलक
घड्याळाचं पूर्ण पटलं. पण तापमानाचं उत्तर राहिलं.

उत्तरमुखी
मोजलेलं नाही, अनुमान आहे. प्रावरणातला खडक 100 अंशांनी तापला तर एस लहरीचा वेग ढोबळमानाने टक्काभर उतरतो. पण खडकातलं पाणी, थोडासा वितळलेला अंश, खनिजांची घडण यांनीही वेग बदलतो. त्यामुळे नुसत्या तांबड्या डागावर मी विश्वास ठेवत नाही.

उत्तर तिबेटच्या बाबतीत ठेवतो, कारण तिथे साक्षीदार निराळे आहेत. प्रावरणाच्या अगदी माथ्यातून धावणारी एस-एन नावाची लहर आहे. दक्षिण तिबेटखालून ती व्यवस्थित पार होते, उत्तर तिबेटखाली विरून जाते. बराझांगी आणि नी यांनी हे 1982 सालीच दाखवलं होतं, असे रंगीत छेद सर्रास होण्याच्या आधी. थंड, घट्ट खडकात लहर अशी विरत नाही. त्याच भागात माथ्यातली पी लहरही मंद आहे, आणि पृष्ठभागावर भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण ज्वालामुखी खडक आहेत.

सांजवात
म्हणजे निळा पट्टा 31 अंशांवर संपतो हे पक्कं?

उत्तरमुखी
त्या रांगेच्या रेखांशावर, म्हणजे 85 अंश पूर्वेच्या आसपास. पश्चिमेला भारतीय प्लेट बरीच जास्त आत गेलेली दिसते, पूर्वेला कमी. छेद कुठल्या रेखांशाचा ते कळल्याशिवाय पट्ट्याच्या टोकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि खोलीबद्दल सावध राहा. किरण जवळजवळ समांतर वर येतात, त्यामुळे डाग वर-खाली ओघळतो. तो कुठल्या गावाखाली आहे ते बरं कळतं, 200 किमीवर संपतो की 300 वर ते तितकंसं नाही. लोलक, वक्ते भेटले तर चेकरबोर्ड चाचणी मागा. प्रावरणात बुद्धिबळाच्या पटासारखे वेगवान-मंद चौकोन आहेत असं धरायचं, त्याच स्थानकांनी आणि त्याच किरणांनी तो पट परत मिळतो का ते बघायचं. जिथे चौकोन एकमेकांत मिसळून गेले, तिथला रंग सोडून द्यायचा. तुमच्या कॅलिब्रेशन ब्लॉकच्या, म्हणजे उपकरण पडताळायच्या माहितीतल्या ठोकळ्याच्या, सगळ्यात जवळचं आमच्याकडे हेच आहे, फक्त हा ब्लॉक संगणकातच असतो.

लोलक
चेकरबोर्डची स्लाइड नव्हती. रेखांशही लिहिला नव्हता. नकाशावर एक रेघ होती, ती ल्हासाच्या बरीच पश्चिमेला होती एवढं आठवतं. वक्त्यांचा ईमेल आहे माझ्याकडे. दोन्ही विचारतो आणि उत्तर आलं की इथेच टाकतो.