फॉरवर्ड सोडून वाचण्याजोगं मराठी कुठे मिळेल?

कराडची_शेवंता:
नमस्कार मंडळी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बाबा टॅबवर अक्षर मोठं करून वाचतात. पण वाचतात काय, तर गटावर आलेलं 'वाचनात आलं, आवडलं, पाठवतोय'. लेखकाचा पत्ता नाही, नाहीतर खाली सरळ 'पु. ल.' ठोकलेलं. चार ओळींत कळतं की पुलं असलं रडकं लिहिणं शक्य नाही! बाबांना जुनं, ऐसपैस गद्य आवडतं. ते कुठे शोधू? आणि त्यांच्या पेन्शनर मित्रांना पाठवायचं तर कसं?

खडूस_मिरजकर:
शेवंताताई, जुन्या गद्याची खूण म्हणजे अनुस्वार. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने १९६२ साली स्वीकारले आणि 'नाहीं', 'कांहीं', 'तेथें' यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. नुसतं 'पंढरपूर' शोधलंत तर लॉज आणि बसची वेळापत्रकं येणार. सोबत अवतरणचिन्हांत "कांहीं" टाका, म्हणजे जुनं काही हाती लागायची शक्यता वाढते.
आधी मराठी विकिस्रोत बघा, म्हणजे जुन्या पुस्तकांचं फुकट ऑनलाइन ग्रंथालय. तिथे बरंच टाइप केलेलं आहे, त्यामुळे अक्षर हवं तेवढं मोठं होतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पान मोठं केलं की ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं, बाबा वैतागतील. कॉपीराइटच्या हक्कांचं म्हणाल तर लेखक गेल्यावर ६० वर्षांनी ते संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं बिनधास्त वाटा.

मडगावकर:
जुन्या पीडीएफची आणखी एक गंमत. श्रीलिपीसारख्या फॉन्टात केलेली असेल तर पडद्यावर छान मराठी दिसतं, पण कॉपी केलं की नुसती चिन्हांची रांगोळी. त्यातला मजकूर शोधूनही सापडत नाही, लेखकाच्या नाहीतर अंकाच्या नावानेच जावं लागतं.
आणि मराठी विश्वकोश कसा विसरलात? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभा राहिला, सगळा फुकट वाचता येतो. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे पुढे पाठवताना मालक हरवत नाही. 'आंबा' ही नोंद द्या बाबांना.

खडूस_मिरजकर:
पाठवण्याबद्दल राहिलंच. हयात लेखकाचा अख्खा लेख गटावर चिकटवू नका. तिसऱ्या हाताला जाईपर्यंत नाव गळतं, चौथ्या हाताला पुलं चिकटतात. आवडलेला एक परिच्छेद, वर लेखकाचं नाव, खाली लिंक, आणि का आवडलं याची स्वतःची एक ओळ. ती ओळ असली तरच म्हातारी मंडळी लिंक उघडतात. नुसती लिंक दिसली की त्यांना बँकेतले पैसे जातील असं वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

कराडची_शेवंता:
आभार! 'आंबा' वाचून झाला, आता 'ऊस' चालू आहे. बाबा हल्ली गटावर प्रत्येक फॉरवर्डखाली 'लेखक कोण?' विचारतात. ॲडमिनकाका रुसलेत.