सीडी ठेवायच्या की सगळं संगणकावर घ्यायचं?

अंत्रुजवासी
घरात शे-दोनशे सीडी असतील तर एकदाच संगणकावर उतरवाव्यात आणि तिथूनच ऐकाव्यात. आवाज बिघडतो हा गैरसमज. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. फ्लॅक या फाइलप्रकारात तेच बिट घडी घालून ठेवलेले, एकही गळत नाही. तासाभराची सीडी साधारण ६३५ एमबी, फ्लॅक केली की जवळपास निम्मी. एमपीथ्रीच करणार असाल तर मात्र हा खटाटोप नको.

तबकडीप्रेमी
बिट तेच, पण वाजवतं कोण? विंडोज आवाज आपल्या मिक्सरमधून काढतं. तिथे ४८,००० लावलेलं असलं की ४४,१०० चं रूपांतर आलंच. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर अँपला जोडून चार्जर लावा, गुणगुण सुरू. भजनात झांजांखाली ती झाकली जाते, पंडित अभिषेकींच्या आलापीत तंबोऱ्याच्या डोक्यावर बसते. आणि चवथीला घर माणसांनी भरलेलं असताना सीडी प्लेयर अपडेट करायला बसत नाही.

अंत्रुजवासी
तबकडीबाब, फूबार या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये आउटपुटला एक्सक्लुझिव्ह निवडा, मिक्सर बाजूला पडतो. संगणकाला ऑप्टिकल आउट असेल तर त्यातून बाहेरच्या डॅकला, म्हणजे बिटांचा आवाज करणाऱ्या डबीला, जोडा. प्रकाशातून अर्थिंग जात नाही, गुणगुण तिथेच तुटते.
तुमच्या प्लेयरचं काय? पावसाळ्यात लेन्स धूसर होते, मग सीडी नुसती फिरते, ट्रॅक सापडत नाही. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल लावून अलगद पुसावी लागते. जोर दिला तर लेन्सचा झुलता आधार गेला.

सत्तरीकर
खरी मेख उतरवण्यातच आहे. ईएसी हा सीडी उतरवायचा प्रोग्रॅम सिक्युअर मोडवर ठेवा. अ‍ॅक्युरेटरिप आपली प्रत इतरांच्या प्रतींच्या यादीशी ताडून पाहतो, पण आपल्याकडच्या स्थानिक नाट्यपदांच्या सीडी त्या यादीत बहुधा नसतात. तिथे टेस्ट अँड कॉपी: सीडी दोनदा वाचली जाते, दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे आकडे) जुळले तरच फाइल ठेवायची. जुळले नाहीत तर सीडी पुसा, मधून कडेकडे. गोल कधीच नाही, कारण ट्रॅकला आडवा गेलेला बारीक चरा प्लेयर भरून काढतो, ट्रॅकच्या दिशेने लांब गेलेला नाही. छापील बाजूचा ओरखडा सर्वांत वाईट. अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथे वार्निशाच्या लगेच खाली असतो.
नावंही आधीच ठरवा. 'केसरबाई', 'केसरबाई केरकर' आणि तेच रोमनमध्ये, म्हणजे यादीत तीन गायिका.

तबकडीप्रेमी
एका सीडीला पुसणं, वाचणं, नावं धरून अर्धा तास. दोनशेंचे शंभर तास! आणि संगणकाची हार्ड डिस्क उडाली की?

सत्तरीकर
म्हणून दुसरी डिस्क, कॉपी झाली की वायर काढून ठेवायची. गडगडाटात लावलेली नको. रोज ऐकता त्या वीस सीडींपासून सुरुवात करा. आणि उतरवलेल्या सीडी टाकू नका. कडक डब्यांत, उभ्या, सिलिका जेलसोबत. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत दमटपणाने चिकटतात.