चौथीच्या मुलांना वर्णन लिहायला कसं शिकवायचं?

ऐरोलीची बाई
मी ऐरोलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३४ मुलं आहेत. गेल्या आठवड्यात 'माझा आवडता पक्षी' लिहायला दिलं, तर २६ वह्यांत मोर आला. 'मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. त्याच्या डोक्यावर तुरा असतो. तो खूप सुंदर दिसतो. मला मोर खूप आवडतो.' शब्दसुद्धा तेच. विचारलं तेव्हा कळलं, चौघांनीच मोर डोळ्यांनी पाहिलाय.

खाडी आमच्या इथून जवळच आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे मुलं धडाधड सांगतात, कारण सामान्यज्ञानासाठी मीच पाठ करून घेतलंय. पण तो पक्षी दिसतो कसा, हे एकानेही लिहिलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं. विशेषणांचा तक्ता करून भिंतीवर लावू का? तुम्ही काय करता?

खारघरची आई
तक्ता लावून बघा, पण माझा अनुभव वेगळा आहे. मुलगी तिसरीत आहे. बाजारातून आली की अर्धा तास बोलते, कोण कसं ओरडत होतं त्याची नक्कल करते. वही उघडली की दोन ओळी. शब्द तिच्याकडे आहेत, मग ते कागदावर का येत नाहीत?

नौपाड्यातली निवृत्त शिक्षिका
ऐरोलीच्या ताई, तक्ता लावू नका. मी लावला होता. लालचुटूक, हिरवागार, निळाशार, पिवळाधमक असे चाळीस शब्द, सुंदर अक्षरात. मग वर्गाला तलावपाळीवर घेऊन गेले. तिथल्या मासुंदा तलावाचं पाणी त्या दिवशी शेवाळाने हिरवट झालं होतं, काठाला पाव आणि निर्माल्य तरंगत होतं. माझा चांगला हुशार विद्यार्थी त्या पाण्याकडे तोंड करून बसला आणि त्याने लिहिलं, 'तलावाचे पाणी निळेशार आहे.' त्याने पाणी पाहिलंच नाही, तक्ता आठवला. परत आल्यावर मी तो तक्ता काढला. २९ वर्षं शिकवलं, त्यात एवढं एकच मला ठाम कळलंय: आधी वस्तू हातात, मग मुलाचं बोलणं, आणि शब्द सगळ्यात शेवटी, तो अडला की.

सध्या पावसाळा आहे, म्हणून करटोलीचं सांगते. जांभळी नाक्यावरून पाव किलो आणायचे आणि चौघांत एक द्यायचं. पहिल्या फेरीत सगळे लिहितात, 'करटोली हिरवी असते. तिला काटे असतात.' मग विचारायचं, टोचतात का? मुलं दाबून बघतात. नाही टोचत, बाई! मग ते काटे कसे आहेत? इथे वर्ग शांत होतो. या शांततेत आपण बोलायचं नाही, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. एका मुलीने करटोली गालाला लावली आणि म्हणाली, 'बाबांनी दोन दिवस दाढी केली नाही की अशी लागते.' झालं वर्णन. आता तिला 'खरखरीत' शब्द द्या, तो तिला जन्मभर पुरेल. मग कापायची. आत पांढरट गर, आणि एखादी पिकलेली निघाली तर नारिंगी साल आणि लाल बिया. मुलं ओरडतात. ओरडू द्या.

शब्द द्यायची वेळ आली की आपली मराठी किती कामाला येते बघा. हिरवा म्हणजे कोणता? पोपटी, शेवाळी, हिरवट, गर्द? आईच्या साड्यांमुळे मुलांना मोरपंखी, आमसुली, डाळिंबी माहीत असतात, फक्त ते वहीत लिहायचे असतात हे माहीत नसतं. वासाचंही तसंच. कांदा परतताना खमंग, दूध लागलं की करपट, पावसात न वाळलेल्या गणवेशाला कुबट. 'चांगला वास' आणि 'घाण वास' यांच्यामध्ये एवढी जागा आहे.

खारघरच्या ताई, तुमच्या मुलीचा हात मनाच्या मागे पडतो. या वयात अक्षर काढणं, ऱ्हस्व-दीर्घ आठवणं आणि काय सांगायचं ते धरून ठेवणं, तिन्ही एकदम जमत नाही. ती बोलेल ते तुम्ही जसंच्या तसं लिहून घ्या आणि तिलाच वाचायला द्या. तुमची भाषा त्यात घालू नका.

ऐरोलीची बाई
आज करून पाहिलं, म्हणून लगेच लिहितेय. करटोली झाली. मग म्हटलं, घराजवळ रोज दिसणारं काहीतरी सांगा. मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्गात सहसा बोलत नाही. घरी आगरी बोलतात, त्यामुळे 'चुकेल' म्हणून गप्प बसतो. तो म्हणाला, निवटी सांगू का? निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला छोटा मासा, आणि तिवर म्हणजे खारफुटीचं झाड. मी फळ्याजवळ उभी राहून त्याचं लिहून घेतलं:

'ओहोटीला निवटी चिखलावर येते. तिचे डोळे डोक्यावर असतात. चिखलाचाच रंग असतो म्हणून हलली तरच दिसते. ती पुढच्या परांवर ढकलत ढकलत चालते. आपण जवळ गेलो की शेपटी मारून उडते आणि तिवरांच्या मुळात जाते. चिखलावर तिची रेघ राहते.'

ती शेवटची रेघ मी स्वतः इतकी वर्षं खाडीकाठाने जाऊन पाहिली नव्हती. वर्गाने त्याला दहा प्रश्न विचारले. मग त्याने ते स्वतः वहीत लिहिलं, पण 'चिकल', 'ओवटी' असं. दुरुस्त करू की नको? पालकसभेत वह्या दाखवायच्या असतात आणि गेल्या वेळी एका पालकांनी चुका मोजून दाखवल्या होत्या.

नौपाड्यातली निवृत्त शिक्षिका
ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

आज लाल पेन लावू नका. दोन दिवसांनी तेच पान त्याच्यासमोर ठेवा, 'चिखल' फळ्यावर लिहा आणि त्यालाच शोधू द्या. सुधारलेली प्रत पालकसभेसाठी, पहिली तशीच वहीत राहू द्या. 'निवटी' आणि 'तिवर' हे शब्द मात्र बदलू नका, ते बरोबरच आहेत. आणि जानेवारीत रोहित आले की त्याच मुलाला पुढे करून वर्ग खाडीवर न्या. उभा असताना पक्षी फिकट गुलाबी दिसतो, पंख उघडले की आतून लाल आणि काळा. हे मुलांना आधी सांगू नका.