एम.डी. मेडिसिन करून मराठवाड्यातच राहावे का?

प्रश्न (बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी, परभणी जिल्हा):

नमस्कार. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. पूर्ण करून मी सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राचे (पदवीनंतरच्या सक्तीच्या शासकीय सेवेचे) वर्ष करीत आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील गुणांवर राज्य कोट्यातून अंबाजोगाई किंवा नांदेड येथे जनरल मेडिसिन मिळेल असे दिसते. रेडिओलॉजी (एक्स-रे, सी.टी. वाचण्याची शाखा) मात्र मिळणार नाही. मित्रांचे म्हणणे असे की, नुसत्या एम.डी.ला आता कोणी विचारत नाही, पुढे एखाद्या अवयवाच्या आजारांत विशेष प्रावीण्यासाठी तीन वर्षांचे डी.एम. करावेच लागते, मग एक वर्ष थांबून रेडिओलॉजीसाठी पुन्हा परीक्षा का देऊ नये? घरची शेती कोरडवाहू आहे, त्यामुळे वडिलांना आणखी किती थांबवायचे हाही प्रश्न आहे. रुग्ण तपासणे मला मनापासून आवडते, रात्रीच्या ड्युटीचे मात्र दडपण येते. मराठवाड्यात केवळ फिजिशियन म्हणून निभाव लागतो का?

उत्तर १ (फिजिशियन, लातूर जिल्हा):

मित्रांचे विधान मोठ्या शहरांतील कॉर्पोरेट रुग्णालयांपुरते बऱ्याच अंशी खरे असेल, पण तालुक्याच्या ठिकाणी ते लागू पडत नाही. आमच्याकडे येणारा रुग्ण आपला आजार हृदयाचा की मूत्रपिंडाचा हे ठरवून येत नाही. पासष्टीच्या शेतकऱ्याला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, मूत्रपिंडाचे काम मंदावल्याने क्रिएटिनिन वाढलेले असते आणि तो येतो धाप लागली म्हणून. अशा वेळी त्याच्या सगळ्या गोळ्या एकत्र पाहून कोणती ठेवायची आणि कोणती बंद करायची हे सांगणारा एकच डॉक्टर त्याला हवा असतो.

पावसाळ्यात मण्यार चावलेला रुग्ण पाहा. दंशाची खूण सापडत नाही, सूज नसते, पहाटे पोटात दुखते म्हणून त्याला आणतात आणि पापण्या मिटू लागलेल्या असतात. हे ओळखून प्रतिसर्पविषाबरोबरच व्हेंटिलेटरची तयारी करणारा माणूस जवळपास असला तरच तो वाचतो. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा किती द्यायचा हेही छातीतील स्राव आणि नाडी पुन्हा पुन्हा पाहून ठरवावे लागते, आणि ते हाताखाली शिकायला अंबाजोगाई, नांदेड किंवा घाटी (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय) येथील वॉर्डांइतकी चांगली जागा नाही. अंबाजोगाईचे महाविद्यालय तर १९७४ पासून ग्रामीण रुग्णांसाठीच उभे आहे.

राहिला प्रश्न नावलौकिकाचा. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. पुण्यात एम.डी. करून ते रायगड जिल्ह्यातील महाडला गेले, आणि विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरण्याचे त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावापुढे डी.एम. नाही.

उत्पन्नाबाबत मात्र गैरसमज नसावा. फिजिशियनला फी मिळते ती विचार करण्याची, आणि आपल्याकडे लोक शस्त्रक्रियेचे पैसे देतात तितक्या सहजपणे विचाराचे देत नाहीत. पहिली काही वर्षे संथ जातात; स्वतंत्र अतिदक्षता विभाग काढायचा तर रात्री टिकणाऱ्या परिचारिका मिळवणे यंत्रे विकत घेण्यापेक्षा अवघड असते.

उत्तर २ (तृतीय वर्ष निवासी, मेडिसिन, नांदेड):

सरांशी बहुतेक सहमत आहे, परंतु डी.एम.कडे इतक्या सहज पाठ फिरवू नये. डायलिसिससाठी वा अँजिओप्लास्टीसाठी आपल्या भागातील रुग्णांना अजून किती लांब जावे लागते ते मी वॉर्डात रोज पाहते. तो निर्णय आज घ्यायचा नाही, एवढेच. डी.एम.च्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे नीट-एसएसचा, विचार दुसऱ्या वर्षानंतरही करता येतो. शिवाय हृदयरोगात डी.एम. झाल्यावर कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीची सोय) असेल तिथेच बहुधा राहावे लागते, हे ध्यानात ठेवा.

रात्रीच्या ड्युटीला घाबरून विषय निवडू नका, कारण अपघातातील रुग्णाचे सी.टी. वाचायला रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरलाही रात्री उठावे लागते. पहिले वर्ष खरोखर कठीण असते, सलग ड्युटी छत्तीस तासांवर जाते आणि संतापलेल्या नातेवाइकांना सामोरे जावे लागते. पुढे प्रबंध आणि जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची नेमणूक येते. तोपर्यंत हात बसलेला असतो. थांबायचेच असेल तर प्रवेश घेण्याआधी थांबा. प्रवेश घेऊन जागा सोडण्याचे परिणाम त्या त्या फेरीच्या नियमांनुसार बरेच महागात पडू शकतात.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही आभार. आरोग्य सेवेतच राहून सेवांतर्गत कोट्यातून एम.डी. करणे अधिक सोयीचे ठरेल का? माझे बंधपत्राचे वर्ष त्यासाठी धरले जाईल का?

उत्तर ३ (वैद्यकीय अधिकारी, हिंगोली जिल्हा):

तो कोटा नियमित सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे आणि बंधपत्रित नेमणूक ही नियमित नेमणूक नव्हे. म्हणजे आधी नियमित नियुक्ती, नंतर ठरावीक वर्षांची सेवा आणि मग पदव्युत्तर प्रवेश, असा तो क्रम आहे. शिक्षणानंतरही सेवेचे बंधन असतेच. आज मेडिसिनची जागा हातात असताना हा लांबचा रस्ता मी तरी सुचवणार नाही.

एम.डी.नंतरचे बंधपत्र मात्र शक्य असल्यास वैद्यकीय महाविद्यालयात सिनिअर रेसिडेंट (वरिष्ठ निवासी डॉक्टर) म्हणून करावे, कारण सहायक प्राध्यापक पदासाठी सामान्यतः एम.डी.नंतर एक वर्षाची सिनिअर रेसिडेन्सी लागते. निकाल लागल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अतिरिक्त अर्हतेची नोंदणी करायला विसरू नका; ती झाल्याशिवाय पाटीवर एम.डी. लिहू नये.