स्मार्ट मीटर बसवू द्यावा का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वीज कंपनीचा मेसेज आलाय की तुमचा जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायचाय, सोयीची तारीख कळवा. तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते हे नवे मीटर पळतात, बिल दुप्पट येतं, दारात उभं करू नकोस त्यांना. बायकोचं म्हणणं उलटं, आम्ही दोघं नोकरीवर आणि रीडिंगवाला आला की घर बंद, मग सरासरीचं बिल येतं आणि पुढे कधीतरी सगळे राहिलेले युनिट एकदम अंगावर येतात, त्यापेक्षा मीटरनेच रीडिंग पाठवलेलं काय वाईट.

मला दोघींचंही पटतं हाच प्रॉब्लेम आहे.

माझी खरी काळजी जरा वेगळी आहे. बाबांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि या मीटरमधे म्हणे आतच स्विच असतो, ऑफिसात बसून लाइन तोडता येते. प्रीपेड असेल आणि रात्री बॅलन्स संपला तर काय करायचं? शिवाय दर १५ मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने रीडिंग साठवलं जातं असंही वाचलं, म्हणजे आम्ही कधी उठतो, कधी घर रिकामं असतं हे बाहेर कुणाला तरी कळणार. बोलू नका की "लपवण्यासारखं काय आहे", तसं काही नाही, पण तरी.

ज्यांच्याकडे बसलाय त्यांनी प्लीज सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ नकोत, ते सगळे आईकडे आहेत.

निवृत्त वायरमन:

आईंचं सगळंच चूक नाही. चकतीचा जुना मीटर वर्षानुवर्षं फिरून जड होतो, आणि टीव्हीचा स्टँडबाय, राउटर, भिंतीत तसेच ठेवलेले चार्जर असल्या बारीक लोडवर चकती कधीकधी हलतच नाही. नवा मीटर तेही मोजतो. १० वॅट चोवीस तास चालू राहिले तर महिन्याला ७ युनिट होतात, तुमच्या घरात असं काय काय लावून ठेवलंय बघा. म्हणजे आकडा थोडा वाढू शकतो पण दुप्पट झाला तर कारण दुसरीकडे शोधायचं. बहुतेक वेळा मागची थकबाकी त्यात आलेली असते नाहीतर बिलच जास्त दिवसांचं असतं, आधी तारखा बघा.

अजून एक, काही मीटर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हीतला करंट बघतात आणि जास्त असेल तो धरतात. जुन्या वायरिंगमधे शेजारच्या घराचा न्यूट्रल तुमच्याशी जोडलेला असेल तर जुन्या मीटरला पत्ता नव्हता, नव्याला लागतो. हे मीटरवाला बघणार नाही, तुमचा वायरमन बोलवा.

बसवल्यावर स्वतः तपासा, सोपं आहे. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला १६०० किंवा ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं, तेवढे ब्लिंक म्हणजे १ युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त १५०० वॅटची केटली लावा. १६०० वाला असेल तर मिनिटाला ४० च्या आसपास ब्लिंक यायला हवेत, ३२०० असेल तर ८०. व्होल्टेज कमी असेल तर केटलीच कमी ओढते, म्हणून थोडं इकडेतिकडे चालतं. नंतर घराचा मेन स्विच पाडा. तरीही ब्लिंक होत राहिला तर मीटर आणि मेनच्या मधे कुठेतरी लीकेज आहे, किंवा कुणीतरी आकडा टाकलाय.

शंकेखोर:

काका म्हणतात ते मान्य पण मीटर कधी चुकतच नाहीत असं कुणी समजू नये. २०१७ मधे नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातली टेस्ट गाजली होती. ९ इलेक्ट्रॉनिक मीटर, त्यातल्या ५ नी जास्त दाखवलं, एकाने तर ५८२ टक्के जास्त, आणि २ नी कमी. डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करायच्या बटणावर, एलईडी आणि सीएफएल लावल्याने करंट वेडावाकडा होत होता आणि काही सेन्सरना तो मोजता येत नव्हता. त्यावर मीटर तपासणाऱ्यांनी असं लोडिंग घरात होत नाही म्हणून आक्षेपही घेतला होता, तोही खराच आहे. तुमच्याकडे डिमर भरपूर नसतील तर झोप उडवून घेऊ नका.

प्रायव्हसीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्याच नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मधे सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा याच कारणाने अडवला होता. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून टीव्हीवर काय चाललंय ते कळत नाही, पण घरात माणूस आहे की नाही ते अगदी आरामात कळतं. डेटा किती दिवस ठेवणार, कुणाला देणार आणि रोजचं एकच रीडिंग पाठवायचा पर्याय आहे का, हे लेखी विचारा. काही ठिकाणी असतो.

धागाकर्ता:

दोघांचेही खूप आभार. केटलीवालं आईला वाचून दाखवलं, तिचं म्हणणं आहे ब्लिंक ती स्वतः मोजणार 😄

पण ऑक्सिजन मशीनचं कुणी बोललंच नाही.

निवृत्त वायरमन:

राहिलंच ते. पहिलं म्हणजे प्रीपेड आणि स्मार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्मार्ट मीटर पोस्टपेडही चालतो, तुमच्या कंपनीत तो पर्याय आहे का विचारा आणि असेल तर तोच घ्या. घरात वैद्यकीय उपकरण आहे असा अर्ज डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आधीच द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. मंजूर लोड किती आहे तेही बघा, कारण गीझर आणि एसी एकदम लावून मर्यादा ओलांडली तर काही मीटर स्वतःच लाइन पाडतात. एवढं करूनही मशीनला स्वतंत्र बॅटरी किंवा सिलिंडर ठेवाच, लाइट काय मीटर चांगला असला तरी जाते.

आणि मीटर बदलायला माणूस आला की जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्हीचे फोटो सिरीयल नंबरसकट काढा. पुढे भांडायची वेळ आलीच तर तेच कामाला येतात.

शंकेखोर:

वेळेनुसार दर लागणार आहे का ते पण विचारून घ्या. दिवसभर घर बंद असणाऱ्यांची सगळी वीज संध्याकाळी जळते आणि बहुतेक ठिकाणी महाग तीच असते. वॉशिंग मशीन रात्री उशिरा लावता येईल, स्वयंपाक आणि बाबांचं मशीन थोडंच पुढे ढकलणार.